तीन इस्पिक आणि एक जावई

मुलगी बघायला गेलो तेव्हा, पोह्यांची बशी हातात असताना, होऊ घातलेल्या सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ना पगार, ना घर स्वतःचं की भाड्याचं. "ब्रिज येतो का?" होस्टेलवर मेंढीकोट खेळता खेळता कोणीतरी चार दिवस ब्रिजही शिकवला होता. त्या भांडवलावर मी "थोडाफार" म्हणालो. त्या 'थोडाफार'ची सजा गेली सोळा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, भिडू होऊन भोगतोय. एरवी जावई म्हणजे दहावा ग्रह, अधिक महिन्यात तेहतीस अनारशांचा धनी. ब्रिजच्या टेबलावर मात्र ग्रह नाना आणि साडेसाती माझी.

नाना 74 वर्षांचे आहेत. 2018 साली जकार्ताच्या एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा बर्धन 60 वर्षांचे होते. ती बातमी कापून नानांनी शोकेसच्या काचेला चिकटवली आहे. "अजून वेळ गेलेली नाही," असं म्हणताना ते माझ्याकडे बघतात. अडसर कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता दुखणं सांगतो. एसटी फलाटाला लागायच्या आत धावत जाऊन खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारा माणूस आठवा. ब्रिजमधला प्रीएम्प्ट म्हणजे तो रुमाल. हातात इस्पिकची सात पानं, बाकी भोपळा. अशा वेळी एक नाही, दोन नाही, एकदम तीन इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी नऊ हात करू अशी बोली, म्हणून मोकळं व्हायचं. ज्यांच्याकडे खरी पानं आहेत त्यांना सावकाश बोलायला जागाच ठेवायची नाही. आपण बुडालो तरी चालेल, फक्त स्वस्तात बुडायचं. नॉन-व्हल्नरेबल, म्हणजे बुडाल्यावर दंड कमी असताना, समोरच्यांचा डबल, म्हणजे 'तुम्ही बुडणार' अशी दंड वाढवणारी पैज, खाऊन तीन हात कमी पडले तर 500 गुण जातात. समोरच्यांना व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे असताना, चार बदाम करू दिले तर 620. म्हणजे 120 वाचले, वर शौर्य गाजवल्याचं समाधान.

रुमाल टाकणाऱ्याचं काम तिथे संपतं. पुढची हमरीतुमरी त्याच्या मागून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढणाऱ्या नातेवाइकाच्या वाट्याला येते.

तर परवाचा गुरुवार. नाना डीलर, म्हणजे पहिली बोली त्यांची. आम्ही नॉन-व्हल्नरेबल, समोरचे व्हल्नरेबल. नानांनी उडी मारून बोली करतोय हे सांगणारं लाल स्टॉप कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्यामागोमाग तीन इस्पिक. उजवीकडच्या काकांनी नियमाप्रमाणे दहा सेकंद विचारात पडल्याचा अभिनय केला आणि पास टाकला. मी माझी पानं पाहिली. इस्पिकची चव्वी, एकटी. बदामाचे एक्का, राजा आणि दोन फुटकळ. चौकटचे एक्का-राणी, किलवरचे राजा-गुलाम, त्यांच्याही खाली दोन-दोन चिल्लर. मोठ्या पानांचे सतरा पॉइंट!

"पॉइंट मोजू नका जावईबापू, हात मोजा," हे नानांचं वाक्य मला पाढ्यासारखं पाठ आहे. मोजले. नॉन-व्हल्नरेबल तीन इस्पिक, म्हणजे नऊपैकी सहा हात त्यांच्या पदरात असायला हवेत. माझे बदामाचे दोन आणि चौकटचा एक्का, हे तीन पक्के. चौकटची राणी आणि किलवरचा राजा यांची शक्यता अर्धी-अर्धी, दोघांचा मिळून एक धरू. सहा, तीन आणि एक, दहा. उत्तर चार इस्पिक. तिसरीतल्या पोराला जमेल.

पण हे झाले पुस्तकातले नाना. माझ्यासमोर बसले होते ते घरातले नाना. मागच्याच गुरुवारी त्यांनी तीन बदाम म्हटले होते, मी भाबडेपणानं चार केले, काकूंनी डबल दिला, आणि नानांच्या हातून निघाली गुलामापासून खाली सहा पानं. सहा! सातवं पान मी खुर्चीखालीसुद्धा शोधलं. तीन डाऊन, म्हणजे तीन हात कमी, 500. "थर्ड सीटला चालतं," नाना चहा ओतत म्हणाले. म्हणजे आपल्या आधी दोघांनी पास दिला असला की रुमालाऐवजी नुसतं बोटही खिडकीतून दाखवलं तरी चालतं.

बरं, विचार करायचा तर तोही फुकट नाही. ब्रिजच्या नियमावलीत सोळावा कायदा आहे. भिडूच्या चेहऱ्यावरून, सुस्काऱ्यावरून, लागलेल्या वेळावरून काही कळलं, तर ते न कळल्यासारखं वागायचं. चाळीस सेकंद विचार करून मी पास म्हटलं, तर माझ्याकडे काहीतरी आहे हे चहावाल्यालाही कळणार. त्यात नाना चष्मा पुसत होते. घरी नाना चष्मा पुसू लागले की चहा टाकायचा असतो, हे मला कळतं. इथे पुसले तर मी आंधळा.

आणि डोक्यात नको तेव्हा ते कॅन्सस सिटीचं प्रकरण. 1929 साली तिथल्या मर्टल बेनेट बाईंनी ब्रिजच्या एका डावावरून नवऱ्याला गोळी घातली. त्यानं एक इस्पिक म्हटलं होतं, बाईंनी चार केले, तो बुडाला, भांडण झालं, संपलं. पुढे कोर्टानं बाईंना निर्दोष सोडलं. ही गोष्ट नानांनी मला साखरपुड्याच्या जेवणात सांगितली होती, आणि शेवटचं वाक्य बोलताना लेकीकडे कौतुकानं पाहिलं होतं.

एव्हाना डावीकडच्या काकूंनी पर्समधून खडीसाखर काढली होती. इस्पिकची माझ्याकडे एकच चव्वी, बाकी तिन्हीकडे राजेरजवाडे, आणि नानांचा भरवसा नाही. मी तीन नो ट्रम्पचं, म्हणजे हुकुमाशिवाय नऊ हातांचं, कार्ड काढलं. काकूंनी खडीसाखर गालात सरकवली आणि डबल दिला.

आता खेळणार मी, म्हणून नानांनी डमी, म्हणजे आपली पानं टेबलावर उघडी, मांडली. इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, दहा आणि खाली आणखी तीन. सात! इतका सज्जन, इतका शिस्तीत बसलेला प्रीएम्प्ट नानांनी सोळा वर्षांत टाकला नव्हता. डीलर होते ना, थर्ड सीट नव्हती. हे मला तेव्हा आठवलं. इस्पिक सोडून त्यांच्याकडे नहिल्यापेक्षा मोठं पान नव्हतं.

मी बदामाचा हात घेतला आणि आपली एकुलती एक चव्वी पुढे केली. काकूंनी शांतपणे एक्का मारला. संपलं. पलीकडे राजा, राणी, गुलाम, दहा, सगळे पिकलेल्या आंब्यासारखे तयार, आणि मला तिकडे जायला दुसरं पानच नाही. खेळाचं नाव ब्रिज आणि पलीकडे जायला पूल नाही! पुढचा अर्धा डाव मी त्या इस्पिकांकडे बघत काढला. नाना छताच्या पंख्याकडे बघत होते. चार डाऊन, डबल, 800. बाकीच्या टेबलांवर याच पानांत चार इस्पिक होऊन 420 लागले होते.

परतताना नाना स्कूटरवर मागे बसले होते. दोन सिग्नल गेले, तिसऱ्याला ते म्हणाले, "चव्वी होती ना?"

"हो नाना."

"मग बरोबर." काय बरोबर, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

जेवायला बसलो. आमच्या चेहऱ्यांकडे बघून सासूबाईंनी काय झालं ते विचारलं. त्यांनी जन्मात पत्ता हातात धरलेला नाही. मी तीन इस्पिकपासून सगळं सांगितलं, नो ट्रम्पपर्यंत आल्यावर त्यांनी थांबवलं.

"यांनी इस्पिक म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग तुम्ही दुसरंच काय काढलंत?"

मी त्यांना डबल, एन्ट्री, थर्ड सीट वगैरे समजावायला घेतलं. तेवढ्यात नानांनी वाटी पुढे केली. "आमटी. अर्धा डाव फक्त."

सासूबाईंनी दीड डाव वाढला. नाना निमूटपणे भुरके मारू लागले.