विसावी फेरी

कागदोपत्री माझ्या पीएचडीचा विषय नायोबियम नायट्राइडच्या पातळ फिल्ममधली अतिवाहकता, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेचा रोध नाहीसा होणं, हा आहे. प्रत्यक्षात गेले तीन महिने मी प्लंबरकी करतेय.

क्रायोस्टॅटचा, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणाऱ्या उपकरणाचा, व्हॅक्यूम कॅन (बाहेरची उष्णता अडवणारा निर्वात डबा) गळतोय. खोलीच्या तापमानाला लीक डिटेक्टर लावला की कुठे काही नाही, एकदम सोवळ्यातला. तोच कॅन द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सियस) बुडवला की अर्ध्या तासात आतला दाब दाखवणाऱ्या गेजचा आकडा चढायला लागतो. थंडीने धातू आकसतो आणि कुठलातरी सांधा केसभर उघडतो. कुठला, ते देव जाणे. मग बाहेर काढा, रात्रभर गरम होऊ द्या, उघडा, पुसा, सांध्यात इंडियम या मऊ धातूची नवी तार सील म्हणून बसवा, बारा स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळा, परत बुडवा. अशा १९ फेऱ्या झाल्या.

नवी तार म्हणजे तरी काय! खरेदी विभागाला तीन कोटेशनं हवीत. विकणारे दोनच सापडले, तिसरा काय मी जन्माला घालू? वर ते काका विचारतात, "मॅडम, एवढ्याशा तारेला एवढे पैसे? तांब्याची नाही का चालत?" म्हणून मी फ्लँजवरचं, म्हणजे सांध्याच्या कडेवरचं, जुनं इंडियम नखाने खरवडते, हॉटप्लेटवर वितळवते आणि पुन्हा तार ओढते. परवा जेवताना बघितलं तर नखात चांदीसारखं काहीतरी चमकत होतं. ताट तसंच सरकवलं.

हा क्रायोस्टॅट ज्या सीनियरने बनवला तो कधीच परदेशी उडाला. त्याच्या वहीत एवढीच नोंद: 'फ्लँजला थोडं ग्रीस लावलं, चाललं.' अरे बाबा, फ्लँज सहा आहेत! आणि ग्रीस कुठलं?

सर म्हणतात, "सिस्टिमॅटिकली बघ." जणू इतके दिवस मी आंधळी कोशिंबीर खेळतेय. नाहीतर म्हणतात, गळतंय तसंच द्रव हेलियम भरून तर बघू. आत फक्त १ वॉट उष्णता शिरली तरी तासाला जवळजवळ दीड लिटर द्रव हेलियम उडून जातं, आणि ते बाहेरून येतं, महाग. संपलं की बोलणी मीच खाणार.

नेदरलँड्समधल्या लायडनला कॅमरलिंग ओन्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९०८ साली हेलियमचा द्रव केला, १९११ साली ४.२ केल्विनपाशी पाऱ्याचा रोध गायब झालेला पाहिला. हे सगळे सांगतात. पण त्याआधी, १९०१ सालीच, त्याने उपकरणं बनवणाऱ्या कारागिरांची शाळा काढली होती, ते कोणी सांगत नाही. आमच्या वर्कशॉपमधले टर्नर काका निवृत्त झाले, त्यांची जागा अजून रिकामी आहे. लेथवर धूळ बसलीये. हात वापरणारं माणूस नको, पेपर मात्र हवेत. माझी फेलोशिप चार महिने अडकलीये, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको.

रात्रीचे सव्वादोन वाजलेत. विसावी फेरी. नायट्रोजन खदखदून आता शांत झालाय. पंचवीस मिनिटं आकडा हलला नव्हता, मी श्वाससुद्धा हळू घेत होते. शेवटचा अंक ३ होता.

४ झाला. च्यायला.