दोन एल्बो आणि धुक्याचे आकडे

आमच्या बाल्कनीच्या कठड्याला एक करडा पाइप बांधलेला आहे. पाइप कसला, प्लंबर वापरतात ते दोन एल्बो एकमेकांत खुपसलेले. दोन्ही तोंडं खाली, म्हणजे पाऊस आत जात नाही. आत पंखा असलेला एक छोटा सेन्सर, आर्द्रता मोजणारा दुसरा आणि वायफायचं एक सर्किट. हवा आत ओढली जाते, लेझरच्या झोतातून धूलिकण जातात, प्रकाश विखुरतो आणि त्यावरून दर अडीच मिनिटांनी एक आकडा नेटवर जातो. शेजारच्या आजींना पहिले काही महिने तो पक्ष्यांचं घरटं वाटत होता.

ही करामत आमच्या जर्मनीतल्या स्टुटगार्टचीच. 2015च्या सुमारास इथल्या काही हौशी प्रोग्रामर मंडळींनी ‘लुफ्टडाटेन’ (म्हणजे हवेची माहिती) नावाचा उद्योग सुरू केला: स्वस्त सुटे भाग घ्या, घरी जोडा, आपल्या खिडकीतली हवा आपणच मोजा. शहर डोंगरांच्या खोलगट कढईत वसलेलं. हिवाळ्यात वर उबदार हवेचं झाकण बसलं की गाड्यांचा धूर आत कोंडतो. नेकारटोर नावाच्या चौकातलं मापनकेंद्र तर वर्षानुवर्षं देशभर बदनाम होतं. जानेवारी 2016पासून महापालिका धुळीचे इशारे देऊन लोकांना ‘गाडी घरी ठेवा’ सांगू लागली आणि 1 जानेवारी 2019पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी आली. (माझा पगार डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांतूनच येतो. जेवणाच्या टेबलावर हा विषय जपून काढावा लागतो.)

आमच्या घरी हा पाइप आला तो लेकीच्या शाळेतून. इथल्या राज्यात गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, आठवीला मुलांना निवड करावी लागते: तिसरी परकी भाषा घ्यायची, की ‘एन-वे-टे’, म्हणजे निसर्गविज्ञान आणि तंत्रज्ञान यांचा एकत्र विषय. हा शनिवारचा छंदवर्ग नव्हे, गणिताच्या बरोबरीचा मुख्य विषय आहे. पुण्यात 2025च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून रान पेटलं होतं, शासन निर्णय निघाले आणि 29 जूनला मागे घेतले गेले, तेव्हा मला राहून राहून ही निवड आठवत होती. तो वाद क्षुल्लक होता असं मी म्हणत नाही. मी स्वतः तावातावाने भांडले त्यात. पण त्या धुरळ्यात शाळांच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातलं बाकीचं सगळं, विषयांच्या भिंती पाडणं, प्रकल्प, दप्तराविना दहा दिवस, कोणी वाचलंच नाही.

लेकीच्या गटात चौघं होती. प्रश्न त्यांनीच ठरवला: शाळेच्या फाटकापाशी आणि वर टेकडीवर हवेत फरक किती? भौतिकशास्त्राच्या बाई आणि भूगोलाचे सर, दोघं एकाच तासाला एकाच वर्गात. पहिले तीन आठवडे तर सोल्डरिंग शिकण्यातच गेले. मग नोव्हेंबरात एका सकाळी टेकडीवरचा आकडा रस्त्यावरच्या आकड्याच्या दुपटीच्या वर गेला. टेकडीवर, जिथे झाडं आणि फार तर दोन कुत्री!

गटात भांडण झालं. एक मुलगा म्हणाला, सेन्सर बिघडलाय, तो दिवस उडवून टाकू. माझी लेक चिडून घरी आली, कारण तिलाही तेच वाटत होतं आणि ते कबूल करायचं नव्हतं. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “त्या दिवशी खिडकीतून काय दिसत होतं?” काहीच दिसत नव्हतं. दाट धुकं होतं. लेझरला धुक्याचा थेंब आणि धुळीचा कण यांतला फरक कळत नाही, हे मुलांना असं कळलं. मग त्यांनी आर्द्रतेचे आकडे शेजारी लावले आणि दमट दिवसांची सगळी मापनं संशयित ठरवली. अर्धा हिवाळा वाया. अहवालातली चार पानं ‘आमचे आकडे का विश्वासार्ह नाहीत’ यावरच. श्रेणी मिळाली 2. इथे 1 सर्वांत वरची. आणि ती एक पायरी घसरली ती संदर्भ नीट न दिल्यामुळे, चुकलेल्या आकड्यांमुळे नव्हे.

2024ची दिवाळी नेमकी इथल्या शरदाच्या सुट्टीत आली म्हणून आम्ही चिंचवडला ताईकडे गेलो. सूटकेसमध्ये एक जादा सेन्सर होता. भाचा नववीत. एल्बो तिथेच घेतले, हार्डवेअरवाल्याने विचारलं, “बाथरूमचं काम काढलंय का?” चार दिवस मावसबहीण-भावाने मिळून तारा जोडल्या, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पाइप टांगला, आणि आम्ही परत आलो. भाच्याने पुढे तीन आठवडे नोंदी ठेवल्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आकडा चढला, अपेक्षेप्रमाणे. पण सगळ्यात मोठा आकडा आला त्यानंतर आठवड्याभराने, एका पहाटे. पोराने काय करावं? खाली उतरून सोसायटीच्या मागे चक्कर मारली. तिथे पालापाचोळ्याचा आणि प्लॅस्टिकचा अजून धुमसणारा ढीग. मला त्याने फोटो पाठवला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मोठ्याने “शाब्बास” म्हणाले, मराठीत.

विज्ञान प्रदर्शनातला तक्ता नंतर पाहिला. त्यात सर्वांत उंच खांब लक्ष्मीपूजनाचा. पहाटेचा तो दिवस गायब. वर सोनेरी अक्षरांत ‘फटाकेमुक्त दिवाळी’. दुसरं बक्षीस.

“सर म्हणाले, परीक्षकांना दिवाळीच अपेक्षित असते,” भाचा म्हणाला.

मला त्या सरांचा राग आला, पण टिकला नाही. एकेका तुकडीत साठ मुलं, वर मतदारयाद्यांचं काम, आणि प्रदर्शनाची तयारी शाळा सुटल्यावर. शिवाय मी कोणत्या तोंडाने बोलणार? अकरावीत लोलकाच्या प्रयोगात आम्ही सगळ्यांनीच g चं, म्हणजे गुरुत्वत्वरणाचं, पुस्तकातलं उत्तर 980 आधी लिहिलं आणि तिथून उलट मागे येत आवर्तनकाळ काढले. जर्नलवर ‘उत्तम’ असा शेरा आहे. ते जर्नल आईने अजून जपून ठेवलंय.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. भाऊजींचं म्हणणं, हे सगळं परदेशी खूळ, तिकडे पैसा आहे. ताईचं म्हणणं, “तुम्हाला काय होतंय बोलायला, तिकडे दहावी नाही.” भाऊजींचा मुद्दा मला मुळीच पटत नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची गावातली मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, शेती, ऊर्जा, आरोग्य असं सगळं हाताने करत शिकतात. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993पासून चालू आहे: दहा ते सतरा वयाची मुलं, आपल्या परिसरातला प्रश्न, आपली भाषा. मुलांनी विहिरी मोजल्यात, कचरा तोललाय. स्टुटगार्टने आपल्याला शिकवावं असं यात काही नाही. उलट इथे चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात आणि लेकीच्या गटात कोण बसणार हे बऱ्याच अंशी तिथेच ठरतं. पाबळच्या पोरांना असं चाळणीतून जावं लागलं नव्हतं. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968पासून भगिनी शहरं आहेत म्हणे. या बाबतीत थोरली कोण, हे मी सांगणार नाही.

ताईचा मुद्दा मात्र खरा आहे, फक्त ती म्हणते त्या कारणासाठी नाही. दहावीला विज्ञान भाग 1चे 40, भाग 2चे 40 आणि प्रात्यक्षिकाचे 20. हे 20 बहुतेकांना जवळजवळ पूर्ण मिळतात, आणि ते अपेक्षित उत्तराला मिळतात. विक्षिप्त आकडा वहीत ठेवला तर गुण जाणार, खोडला तर राहणार, हे पंधरा वर्षांच्या मुलाला नीट कळतं. तिथे विषय चार एकत्र करा नाहीतर चौदा, टिंकरिंग लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आणून ठेवा, गट पाडा, मुलं गटाने बसून 980पासून मागे येतील. आता चौघं मिळून, इतकंच.

म्हणून नव्या आराखड्याबद्दल माझी मागणी अगदी लहान आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. आठवड्यातल्या दोन तासिका वेळापत्रकात छापलेल्या असाव्यात, शाळा सुटल्यानंतरच्या नकोत. आणि प्रकल्पाच्या गुणांपैकी निम्मे, काय अपेक्षेप्रमाणे आलं नाही आणि का, याला द्या. परीक्षकांनी ‘समाजाला याचा उपयोग काय?’ हा प्रश्न वर्षभर विचारू नये. सोनेरी अक्षरं आपोआप कमी होतील.

बक्षिसानंतर महिन्याभराने भाच्याचा मेसेज आला. “मावशी, खरी फाइल मी ठेवलीय. सगळे दिवस आहेत त्यात.” पाइपही त्याने काढलेला नाही. परवा रात्री दीड वाजता फोन वाजला. तिकडे सकाळचे सहा. स्क्रीनशॉट, त्यात एकच काटा आभाळाला टेकलेला. खाली प्रश्न: धुकं आहे, की परत कोणी जाळलंय?

मी लिहिलं, खिडकीतून काय दिसतंय?

“मागची बिल्डिंग स्वच्छ दिसतेय,” त्याने लिहिलं. “थांब, चप्पल घालून खाली जाऊन येतो.”