काका, कोणता दिवा लागलाय?

"नेट गेलंय" असं ऐकलं की आम्हा इंटरनेट कंपनीच्या सपोर्टवाल्यांना पहिला प्रश्न पडतो : नक्की कुठून गेलंय? ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतीत कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला ठाण्याच्या नौपाड्यातल्या काकांचा हॉल दिसत नाही. त्याच्यासमोर असतो एक स्क्रीन. त्यावर ग्राहकाचं नाव, प्लॅन, मोडेम किती वेळापासून चालू आहे आणि फायबरमधून त्याच्यापर्यंत किती प्रकाश पोचतोय, एवढंच. बाकी सगळं काकांच्या डोळ्यांनी बघायचं, आणि काकांचा चष्मा कायम आतल्या खोलीत.

"काका, डब्यावर कोणते दिवे लागलेत?"

"सगळे व्यवस्थित लागलेत."

"एखादा लाल आहे का?"

"आहे की! तोच तर मस्त लुकलुकतोय."

हा मस्त लुकलुकणारा म्हणजे 'एलओएस', म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल'. प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाहीये, असं तो बोंबलून सांगत असतो. त्याच्या शेजारचा 'पॉन', म्हणजे फायबरवरून कंपनीशी जोडणी झाल्याचा दिवा, हिरवा आणि स्थिर हवा. एलओएस लाल असेल तर घरात बसून काहीही बंद-चालू केलं तरी उपयोग शून्य. वायर कुठेतरी तुटलीय, उंदराने कुरतडलीय, घोडबंदर रोडच्या खोदकामात गेलीय, नाहीतर घरातल्याच सरकत्या खिडकीत चेपलीय. काचेचा धागा आहे तो, काटकोनात वळवला की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. अशा वेळी माणूस पाठवावा लागतो. पण पॉन हिरवा असेल आणि तरी नेट नसेल, तर दोष लॉगिनमध्ये, वायफायमध्ये किंवा मोबाइलमध्ये शोधायचा. म्हणजे एका दिव्याच्या रंगावर अर्धं निदान होतं. म्हणून आम्ही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि काकांना वाटतं, मुलाला ऐकू कमी येतं.

खरी परीक्षा मात्र फोन करणारा आणि डबा वेगवेगळ्या गावी असतात तेव्हा. मुलगा पुण्याला ऑफिसात, आई ठाण्यात डब्यासमोर, आणि दोघांच्या मध्ये आम्ही. मुलाने एका कानाला आम्हाला लावलंय, दुसऱ्या कानाला आईला. "आई म्हणते लाल नाहीये, केशरी आहे." "आई म्हणते आता सगळेच गेले." "का गेले?" "तिने बटण बंद केलं. तिला वाटलं तुम्हीच सांगितलंत." आम्ही सांगितलेलं असतं ते पाच मिनिटांनी करायचं. तोवर आई टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचे दिवे मोजत होती, हा उलगडा अगदी शेवटी होतो. दोन्ही डबे काळे, दोन्ही टीव्हीखाली. वर दोघांचे ॲडॉप्टरही बऱ्याचदा १२ व्होल्टचेच, पिनही सारखी. एक १ अँपियरचा, दुसरा २ चा. साफसफाईत अदलाबदल झाली की दिवे लागतात, पण जोर पडला की मोडेम मधेच मान टाकतो. 'संध्याकाळी सगळे घरी आले की नेट जातं' या तक्रारीमागे पुष्कळदा हाच ॲडॉप्टर निघतो. त्यावरचं बारीक छापील वाचून दाखवा म्हटलं की पुन्हा चष्मा.

आता बंद-चालू करण्याविषयी. "मोडेम रीस्टार्ट केलात का?" या प्रश्नाला महाराष्ट्रात आजवर कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. "तीनदा केला!" स्क्रीनवर दिसतंय, मोडेम १४ दिवस अखंड चालू आहे. पण तसं म्हणायचं नसतं. ते म्हटलं की पुढची दहा मिनिटं नेटवर नाही, खरे-खोटेपणावर खर्च होतात. आणि काका खोटं बोलतही नसतात. त्यांनी तीनदा टीव्ही बंद केलेला असतो. म्हणून मुरलेला माणूस हा प्रश्न विचारतच नाही. तो म्हणतो, "काका, डब्याच्या मागची गोल पिन काढा, तिच्यावर धूळ असते. पुसून ३० सेकंदांनी लावा आणि आधी कोणता दिवा लागतो ते मला सांगा." धुळीचं निमित्त. पिन निघाली की डबा बंद होणारच, आणि त्या अर्ध्या मिनिटात आतली उरलीसुरली वीजही संपते. मग पूर्ण उभं राहायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. विसाव्या सेकंदाला "नाही आलं हो!" ऐकायची तयारी ठेवावी.

फक्त त्याआधी विचारून घ्यावं, की हा फोन कशावरून चाललाय. मोबाइलची रेंज कमी असलेल्या उंच इमारतीत कॉल बऱ्याचदा वायफायवरूनच जातो. मोडेमला जोडलेला लँडलाइनही तसाच. पिन निघाली की आम्हीही गेलो. काका परत फोन लावतात, तो दुसऱ्याच कुणाला लागतो आणि तक्रार नोंदली जाते : 'मुलाने मधेच फोन आपटला.'

पुसायला सांगताना 'फक्त गोल पिन' असं दोनदा म्हणावं. कारण शेजारी फायबरचं हिरवं टोक असतं आणि काकू कामाच्या चोख. तेही काढून, फुंकर मारून, पदराने पुसून लावतात. आतली प्रकाशाची वाट ९ मायक्रॉनची, केसाहून कितीतरी बारीक. फुंकरीतला एक थेंब तिला पुरतो. मघाशी प्रकाशाच्या मापावर (डीबीएम) उणे २० वर असलेला सिग्नल उणे २७ च्या खाली, म्हणजे फारच मंद, जातो आणि साध्या तक्रारीचं रूपांतर आमच्या माणसाच्या फेरीत होतं.

रीसेटचं भोक हा तर स्वतंत्र अध्याय. कानातल्याच्या दांडीने ते १० सेकंद दाबलं की वायफायचं नाव, पासवर्ड, बऱ्याचदा लॉगिनसुद्धा सगळं साफ. "आता नीट झालं, सगळे दिवे हिरवे आहेत," काका सांगतात. आणि घरातले सगळे मोबाइल अनाथ.

वेगाची भांडणंही होतात. "१०० चा प्लॅन आणि डाउनलोड होतंय १२ ने!" प्लॅन मोजतात बिटमध्ये, डाउनलोड दिसतं बाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिट भागिले ८ म्हणजे १२.५ मेगाबाइट, तेव्हा वेग बरोबरच आहे. पण फोनवर भागाकार करून दाखवणारा सपोर्टवाला ग्राहकाला लबाड किराणावाला वाटतो. हा हिशोब लेखी पाठवावा.

एका बाबतीत मात्र मी काकांच्या बाजूचा. "ओटीपी देणार नाही, स्क्रीन दाखवणारं ॲप घेणार नाही, तुम्हीच चोर कशावरून?" असं जे ठणकावतात ते शंभर टक्के बरोबर. आपण होऊन आलेल्या फोनवर कुणी असलं काही मागितलं तर तो ठेवावा, आणि पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवावा. फक्त याच बाण्याने ग्राहक क्रमांक दडवू नये. तो बिलावर छापलेला असतो, आणि त्याच्याशिवाय स्क्रीनवर डबाच सापडत नाही.

अखेर नेट येतं. काकू मागून ओरडतात, "आलं, आलं!" काका मनापासून म्हणतात, "बाळा, तुझं काम म्हणजे एक नंबर!" मग यंत्राचा आवाज १ ते ५ मध्ये गुण मागतो. पाच म्हणजे उत्तम, हे आम्ही सुचवायचं नाही, असा नियम. काका दिल्या शब्दाला जागून १ दाबतात.