पाऊस भिंत धूत नाही

रविवारी फोनवर दादाशी पुन्हा वाजलं. विषय जुनाच. दादा राहतो त्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीवर शेवाळ चढलंय. मी म्हटलं, रंगकामाच्या आधी जाणता माणूस बोलावून घर बाहेरून धुऊन घे. तो म्हणाला, “भिंत धुवायला कोणी पैसे देतं का? पाऊस धुतोच की. आणि ते तुमचे फवारे प्लास्टर उखडून ठेवतील. सरळ रंगाचा एक हात मारतो.”

शेवाळ ओलीवरच वाढतं, ते पाऊस कसा धुणार? त्याच्यावर मारलेला रंग भिंतीला धरत नाही, शेवाळाला धरतो. ते सुटलं की पापुद्रे निघतात आणि पुन्हा रंगाचा खर्च. लहानपणापासून मी हेच बघत आलोय, म्हणून चिडलो.

इथे गेल्या शनिवारी आमचं घर धुतलं. आलेल्या माणसाने पहिला अर्धा तास पाणी सोडलंच नाही. घराभोवती फिरून भेगा पाहिल्या, खिडक्यांच्या कडा चाचपल्या, बाहेरच्या प्लगवर आणि बेलवर टेप लावली. उन्हाच्या बाजूच्या भिंतीवरून बोट फिरवून मला दाखवलं, बोट पांढरं झालं होतं. रंग खडूसारखा सुटतोय, इथे जोर लावला तर पट्टे उमटतील, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मग झाडांना भरपूर पाणी घातलं, म्हणजे औषधाचे शिंतोडे उडाले तरी पानं जळू नयेत. काम संपल्यावर तीच झाडं पुन्हा धुतली.

दादाच्या डोळ्यांसमोर जो जोरदार दाबाचा फवारा आहे, तो जमिनीवरच्या काँक्रीटसाठी असतो. जुन्या प्लास्टरवर तो मारला तर प्लास्टर उखडेलच, तेवढं त्याचं खरं. पण भिंतीला लावतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे स्विमिंग पूलमध्ये टाकतात ते क्लोरीन. पातळ करून, थोडा साबण घालून, भिंतीवर पोचेपर्यंत साधारण 1 टक्का. ते खालून वर लावत जायचं, म्हणजे कोरड्या भिंतीवर ओघळ राहत नाहीत. मग दहाएक मिनिटं थांबायचं, पण सुकू द्यायचं नाही. मी जवळ उभा राहून बघत होतो. हिरवं आधी पिवळट झालं, मग तपकिरी, मग फिकट होत गेलं. कुणी घासलं नाही. शेवटी वरून खाली, साध्या दाबाने धुणं. पाणी खालून वर मारलं तर ते सांध्यांतून आत शिरतं.

सगळे डाग जात नाहीत. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार, धुतला तरी परत येतो, कारण ओल भिंतीच्या आत असते. गंजाला आम्ल लागतं, आणि ते क्लोरीनमध्ये मिसळलं तर विषारी वायू सुटतो. ‘सगळं निघेल’ म्हणणाऱ्याला काम देऊ नये.

हे सगळं मी दादाला एका दमात सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “बरं. त्या माणसापाशी उभं राहायला तू येशील?”

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं त्या भिंतींकडे तोच बघतोय, मी फक्त सांगतोय. पण एक गोष्ट त्याला बोललो नाही. इथल्या घराची कुठली बाजू हिरवी होते, हे मला त्या माणसाने बोट दाखवल्यावर कळलं. तिथल्या घराची प्रत्येक ओल मला अजून पाठ आहे.

काल रात्री दादाला मेसेज केला: आधी हातभर जागेवर करून बघ. धुतल्यावर भिंत पूर्ण सुकू दे, मगच रंग.

त्याचं लगेच उत्तर आलं. “कुठे करून बघू?”

मी लिहिलं, मागच्या नळाच्या उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात. शेवाळ तिथूनच सुरू होतं.