ज्याचं घर बुडतं, त्याला बोलू द्या

"तुमच्या जर्मनीत चालतं का असं, कुणीही उठावं आणि प्रकल्प अडवावा?" बडोद्याच्या काकांचा हा प्रश्न ठरलेला. विषय कच्छमधल्या खावड्याच्या सौर प्रकल्पाचा असो की बुलेट ट्रेनचा, गाडी तिथेच येऊन थांबते.

चालतं, काका. मी राहतो त्या बव्हेरिया राज्याने २०१४ मध्ये नियम केला की पवनचक्की वस्तीपासून तिच्या उंचीच्या दहापट लांब हवी. २०० मीटरच्या चक्कीला दोन किलोमीटर. इतकी मोकळी जागा सापडणार कुठे? नव्या चक्क्या जवळपास बंदच झाल्या आणि २०२२ मध्ये सरकारला नियम सैल करावा लागला. उत्तरेची वाऱ्याची वीज दक्षिणेला आणणारी सुमारे ७०० किलोमीटरची वाहिनी २०२२ मध्येच सुरू व्हायची होती. मनोरे नकोत म्हणून लोक उठले, ती जमिनीखालून न्यायचं ठरलं, आता २०२८ चा वायदा आहे. खिडकीतून दिसणारा डोंगर बिघडतो, या तक्रारीला इथे एवढं वजन! मला हे अति वाटतं. हवा तापत असताना ही वर्षं घालवली याचा मला मनापासून राग येतो.

पण मग नर्मदेचं खोरं आठवतं. सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. मध्य प्रदेशातली तर त्याहून कितीतरी जास्त. त्या धरणाच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७, गुजरातचा १६. पाणी बहुतेक गुजरातला. कालवा आपल्या बडोद्याजवळून जातो, त्याने कोरड्या गावांना पाणी दिलं, हे मी कधीच नाकारणार नाही. मात्र तिथल्या माणसाची तक्रार दृश्य बिघडल्याची नव्हती. त्याचं शेत, घर, देव, सगळंच पाण्याखाली जात होतं. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना आपण कसं वागवलं? नव्वदच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनाचं बडोद्यातलं कार्यालय फोडलं गेलं.

आणि २००६. धरणाची उंची ११० मीटरवरून १२१ वर न्यायची होती, दिल्लीत जंतरमंतरवर विस्थापित बसले होते. आमीर खान तिथे जाऊन आला. धरण नको असं तो म्हणालाच नाही, आधी पुनर्वसन करा एवढंच म्हणाला. लगेच माफीची मागणी झाली. त्याने ती मागितली नाही आणि मे महिन्यात त्याचा 'फना' गुजरातच्या बहुतेक चित्रपटगृहांत लागलाच नाही. चित्रपटाचा धरणाशी सुतराम संबंध नव्हता. एका नटाच्या एका वाक्यासाठी सगळ्या राज्याने सिनेमा पाहायचा नाही, हे ठरवणारे कोण होते? आणि आपण, मराठी नाटकांवर वाढलेले बडोदेकर, ते मुकाट्याने का चालवून घेतलं?

जर्मनी काही धुतल्या तांदळासारखी नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी ल्युत्सेराट हे गाव पोलिसांनी रिकामं केलं, आणि सरकारात तेव्हा पर्यावरणाच्या नावावर निवडून आलेला ग्रीन पक्षच होता. मात्र त्याच पक्षाचे कार्यकर्ते त्याविरुद्ध रस्त्यावर आले, आणि त्यांना कुणी देशद्रोही म्हटलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घुसलं, सोसायट्यांत मगरी आल्या. नदीकाठी बांधकामं कुणी होऊ दिली, पात्र कुणी आवळलं, हे लोकांनी पुढाऱ्यांना तोंडावर विचारलं. काकांनीही विचारलं, आणि बरोबरच केलं. त्या दिवसांत विकासविरोधी हा शब्द मला कुणाच्या तोंडी ऐकू आला नाही.

ऐकून घेणं आपल्याला जमत नाही असंही नाही. २०२२ मध्ये डांग, वलसाड, नवसारीच्या आदिवासींनी पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पाला विरोध केला आणि गुजरात सरकारने तो रद्द करत असल्याचं जाहीर केलं. निवडणूक तोंडावर होती म्हणून का होईना. नंदुरबारची ती ३३ गावं मात्र गुजरातच्या कोणत्याच मतदारसंघात येत नव्हती. त्यांची भाषा, त्यांचं राज्य ओळखणारे बडोद्यात आपणच होतो, काका, आणि त्यांच्यासाठी बोलणं आपलंच काम होतं.