टर्बो सेडान आणि खान्देशचं ऊन: एका फॉरवर्डेड मेसेजला उत्तर

उन्हाळा चढला की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर एकच: ‘नेहमीच्या कंपन्यांनी काढलेल्या स्पोर्टी सेडान म्हणजे नुसते लोगोचे पैसे. 46 डिग्रीत टर्बो जळतो. ई-20 पेट्रोलवर इंजिन ठोकतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कन्नड घाटात बसतो. गाडी प्रत्येक गतिरोधकावर घासते. उन्हात टायर फुटतात, म्हणून हवा चार पॉइंट कमी ठेवा आणि नायट्रोजनच भरा. खान्देशात उंच गाडीच घ्या भाऊ.’

रोख फोक्सवॅगन व्हर्चस, स्कोडा स्लाविया, ह्युंदाई व्हर्ना टर्बो अशा गाड्यांवर आहे. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा. यातला एक सल्ला जिवावर बेतणारा आहे, दोन-तीन मुद्दे अर्धे खरे आहेत, उरलेलं पानटपरीवरचं ज्ञान. जिवावर बेतणारं आधी घेऊ.

हवा कमी ठेवायची नाही. अजिबात नाही. सकाळी 25 अंशांत 33 पॉइंट (पीएसआय) हवा भरली आणि टायर 45 अंशांवर गेला, तर ती साधारण 36 होते. गाडी धावल्यावर आणखी थोडी चढते. ही वाढ कंपनीने आकडा ठरवतानाच धरलेली असते. टायर फाटतो तो बहुतेक वेळा आतल्या उष्णतेने, आणि ही उष्णता येते बाजूच्या भिंतीच्या सतत वाकण्यातून. या गाड्यांना 205/55 आर 16 मापाचा टायर असतो, म्हणजे 205 मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची. तो ताशी 100 किमीला सेकंदाला चौदा फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि सुटतो. हवा कमी असेल तर जास्त दबतो, रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड तापून सुटते, आणि धुळ्याहून नाशिककडे निघालेली गाडी वाटेतच भिंत फाटून थांबते. म्हणजे फुटण्याच्या भीतीने हवा काढणारा माणूस फुटण्याचीच तयारी करत असतो.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायची. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावलेल्या पट्टीवर दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी. लग्नाला पाच जण आणि डिकीभर सामान निघालं असेल तर दुसरा आकडा. दुपारी तापलेल्या टायरात 37 दिसले म्हणून पंपावरच्या पोराला ‘सोड थोडी’ म्हणायचं नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, 2323 म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही उरलेली असो, आपल्याकडच्या उन्हात तो टायर बदलावा हे आमचं मत. भिंतीला फुगा आला असेल तर त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही.

नायट्रोजनने नुकसान काही नाही. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, आणि तापल्यावर दोन्ही सारख्याच फुगतात. फायदा इतकाच की तो कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो. महिन्यातून दोनदा हवा तपासणाऱ्याला त्याची गरज नाही.

आता टर्बो. तो जळण्याची गोष्ट सांगणाऱ्याने एवढंच ध्यानात घ्यावं की पेट्रोल टर्बोच्या चाकावर येणारा धूर 900 अंशांच्या आसपास असतो. बाहेर 30 अंश आहेत की 46, याने त्या चाकाला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो आत ओढल्या जाणाऱ्या हवेला. 25 अंशांच्या तुलनेत 46 अंशांची हवा साडेसहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. टर्बो जरा जास्त दाबून ती कसर बरीचशी भरून काढतो. पण दाबलेली हवा आणखी तापते, म्हणून मध्ये ती गार करणारा इंटरकूलर असतो. तोही पुरला नाही आणि इंजिनात ठोका (पेट्रोल आपोआप पेटून बसणारा धक्का) जाणवला, तर नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे घेतो. मे महिन्यात दुपारी एसी पूर्ण चालू ठेवून गाडी जरा सुस्त वाटते ती यामुळे. हा बिघाड नाही. इंजिन स्वतःला सांभाळतं आहे.

टर्बो मरतो ते दुसऱ्याच कारणांनी, आणि ती कारणं आपल्या अंगणातली आहेत.

पहिलं, बोअरचं पाणी. कूलंट जरा खाली गेलं की बाटली घेऊन वर पाणी ओतायची सवय. माठाच्या बुडाशी, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि टर्बोच्या पाण्याच्या वाटेत बसतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि खनिजमुक्त पाणी, साधारण निम्मं-निम्मं, एवढंच आत जायला हवं. पातळी थंड इंजिनवर बघायची. तापलेलं झाकण उघडलं की आतला दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट हातावर-तोंडावर येतं.

दुसरं, कापूस. वेचणी सुरू झाली की जिनिंगच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या जाळीत तंतू अडकतात. ते समोरून दिसत नाहीत, कारण पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि तंतू, धूळ, किडे त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. टॉर्च तिरपा धरून आत पाहिलं तर घोंगडीच्या तुकड्यासारखा राखाडी थर दिसतो. इंजिन थंड असताना बागेच्या नळीने, हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेला धुवायचं. वॉशिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली की पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चअखेर एकदा, एवढं पुरतं.

तिसरं, ऑइल. फोक्सवॅगन-स्कोडाच्या पुस्तकात वर्ष किंवा 15,000 किमी लिहिलेलं असतं, ह्युंदाईच्या 10,000. ते जास्तीत जास्त आहे, तेवढं ताणायलाच हवं असं नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. रोज गावातल्या गावात चार-पाच किमी आणि सगळी धूळ, असा वापर असेल तर निम्म्या अंतरावर बदललेलं बरं. ग्रेड पुस्तकातलाच. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड टाका’ हा सल्ला जुन्या डिझेल जीपचा, तो इथे लावू नये. घाट चढून वर आल्यावर लगेच बंद न करता गाडी मिनिटभर तशीच चालू ठेवायची, एवढं पथ्य पुरेसं.

ई-20 चा, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा मुद्दा थोडक्यात. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे ठोका न देता दाब सोसायची ताकद, पेट्रोलपेक्षा जास्त आहे, 100 च्या वर. त्याने इंजिन ठोकायचं कमी होईल, वाढणार नाही. ॲव्हरेज मात्र घटतं, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी असते. ही तक्रार खरी. एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप आणि सील ई-20 धरून केलेले असतात. त्याआधीची गाडी असेल तर पुस्तक बघा. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, इथेनॉल ओल शोषतं. महागडं 95-97 चं पेट्रोल या गाड्यांना सक्तीचं नाही.

गिअरबॉक्सबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून इथे जरा थांबू. व्हर्चस आणि स्लावियाच्या 1.5 टीएसआयला (1.5 लिटर टर्बो इंजिनाला) सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो, आत दोन कोरडे क्लच. त्याची फिरवणारा जोर (टॉर्क) पेलण्याची मर्यादा 250 न्यूटन मीटर आणि इंजिन देतं तेही 250. म्हणजे शिल्लक काही नाही. कोरड्या क्लचची उष्णता फक्त हवेत जाते, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसारखी ऑइलबरोबर वाहून जात नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना मोकळ्या रस्त्यावर काहीच होत नाही, क्लच पूर्ण धरलेला असतो. पावसाळ्यात दरड आली आणि रांग लागली की खरी परीक्षा. तिथे लोक करतात काय? पुढची गाडी हातभर सरकली की आपण हातभर. ब्रेकवर पाय अर्धवट. किंवा चढावर ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरायची. या दोन्हीत क्लच घासत राहतो.

ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो, अर्धा दाबला की घासतो. तेव्हा दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदाच नीट पुढे जावं, परत पूर्ण ब्रेक. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. लांब थांबणं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. जळका वास आला किंवा मीटरवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, तर बाजूला घेऊन ‘पी’मध्ये, इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरत निघत असेल तर क्लचची झीज सुरू झाली असं समजा. उतरताना मॅन्युअलवर घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरावा. व्हर्चसला मागे ड्रम ब्रेक आहेत, सगळं ओझं ब्रेकवर टाकायचं कारण नाही. आणि रोजच गर्दीत हातभर-हातभर सरकणं असेल, तर व्हर्ना टर्बो सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळते. 160 पीएस (अश्वशक्ती), 253 न्यूटन मीटर, क्लच तुमच्या पायाखाली.

‘प्रत्येक गतिरोधकावर घासते.’ व्हर्चस, स्लाविया रिकाम्या असताना जमिनीपासून 179 मिमी उंच असतात. पाच जण आणि सामान भरल्यावर तीन-चार सेंटिमीटर बसतात, म्हणजे 140 च्या आसपास उरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 100 मिमी उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे. तो असा असेल तर कोणतीच गाडी घासत नाही. घासते ती गावकऱ्यांनी अपघातानंतर रातोरात घातलेल्या बांधावर. तिथे ब्रेक आधीच मारून पुढची चाकं चढताना पाय काढायचा, कारण ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं. समोरून कोणी येत नसेल तर तिरकी घालून एकेक चाक चढवायचं. ‘खर्र’ आवाज आला तर खालचा प्लास्टिकचा पत्रा, त्याच्या क्लिपा तेवढ्या तपासा. ‘ठक्क’ आवाज आला तर रात्री इंजिनाखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी ऑइलचा डाग आहे का बघा.

उंच गाडीचा मोठा आधार वाटतो तो चिखलात. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि एकदा चाक डांबरावरून साइडपट्टीत उतरलं की साबणासारखी होते. पण बाजारातल्या बहुतेक ‘उंच’ गाड्या पुढच्या दोन चाकांवरच चालतात. त्याही तिथेच अडकतात, ट्रॅक्टर दोघांनाही लागतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या डिकीतल्या हत्यारांत ओढायची कडी असते, बंपरच्या चौकोनी झाकणामागे बसते, आणि तिचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून शेवटपर्यंत घट्ट करा. दोर सस्पेन्शनच्या दांड्याला बांधू देऊ नका.

इथे मेसेजला एक गुण द्यायलाच हवा. स्कोडाने 2025 च्या ऑक्टोबरात ऑक्टाव्हिया आरएस आणली, 265 पीएस, 49.99 लाख, देशभरात फक्त 100 गाड्या. तिचे टायर 225/40 आर 19, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर फक्त 90 मिमी. 205/55 आर 16 ला ते 113 मिमी असतं. पावसाळ्यानंतरच्या चोपडा किंवा शहाद्याकडच्या रस्त्यांवर त्या गाडीची रिम वाकली तर नवल नाही.

राहिला लोगो. नेहमीची कंपनी खरी वेगवान सेडान बनवू शकत नाही, हे म्हणणं कियाने 2017 मध्ये स्टिंगरने खोडून काढलं. मागच्या चाकांवर चालणारी, 3.3 लिटर ट्विन टर्बो व्ही-6, शून्य ते शंभर 4.9 सेकंदांत. तिची चाल बसवणारे आल्बर्ट बीअरमान आधी बीएमडब्ल्यूच्या एम विभागात होते. गाडी उत्तम होती, खप मात्र बेताचाच राहिला आणि 2023 मध्ये ती बंद झाली. भारतात आलीच नाही. म्हणजे अडचण लोगोची आहे खरी, पण ती शोरूममध्ये, रस्त्यावर नाही.

आपल्याकडे लोगोची फसवणूक होते ती वेगळ्या जागी, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. व्हर्चसची ‘जीटी लाइन’ 2024 पासून 1.0 लिटर इंजिनात मिळते: काळी जाळी, काळी रिम, पण 115 पीएस आणि 178 न्यूटन मीटर. 150 पीएसची ती ‘जीटी प्लस’. जुनी गाडी घेताना बॅज बघू नका, आरसी बघा. 999 सीसी म्हणजे लहान इंजिन, 1498 म्हणजे मोठं. व्हर्नात उलटं आहे: 1497 सीसीवाली साधी, 115 पीएसची, आणि 1482 वाली टर्बो. आकडा लहान, दम जास्त, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात चांगले जाणतेही इथे चुकतात.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराला एसी शोरूमच्या दारातून एकट्याने घेऊ नका. घरातले चौघं बसवा, दुपारी दोनला न्या, आणि तुमच्या गावच्या फाट्यावरचा तो बांध ओलांडून बघा.