माउंट खराब नव्हता, तिपाई ओल्या रानात होती

नमस्कार सर,

पुण्याहून अंबाजोगाईपर्यंत आमच्याकडे ताऱ्यांचे फोटो काढायला येऊन तुमच्या हाती एक धड फोटो लागला नाही, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. "भाड्याचा माउंट खराब, ताऱ्यांच्या रेघा आल्या, मालक झोपले होते, पैसे परत दिले नाहीत," असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय. त्यातलं माउंटचं, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांच्या मागं फिरवणाऱ्या यंत्राचं, वाक्य फार लागलं, म्हणून आधी तेच.

रिव्ह्यूसोबत गाइडिंगच्या, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत दुरुस्त करण्याच्या, ग्राफचा फोटो तुम्हीच टाकलाय. त्यातली निळी रेषा, म्हणजे आर.ए. (पूर्व-पश्चिम दिशा), बऱ्यापैकी सरळ आहे. या ईक्यू६ माउंटच्या वर्ममध्ये, म्हणजे तो फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरमध्ये, दोष असता तर ही निळी रेषा साधारण आठ मिनिटांच्या फेऱ्यानं वरखाली झाली असती. बिघडलीय ती लाल, डेक्लिनेशनची (उत्तर-दक्षिण दिशा). ती एकाच बाजूला घसरत गेलीय, दुरुस्तीच्या पट्ट्याही सगळ्या एकाच बाजूच्या आहेत. पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं, हललं की असंच होतं. ते का हललं, हे मात्र रिव्ह्यूत कुठंच नाही.

शेजारच्या मंडळींच्या टॉर्चचा उजेड येतो म्हणून दहाच्या सुमारास तुम्ही माउंटची तिपाई सिमेंटच्या ओट्यावरून उचलून हरभऱ्याच्या धुऱ्यालगत नेली. मी तेव्हाच म्हणालो होतो, सर, तिथं नको, काल रात्रीच पाणी दिलंय. तुम्ही म्हणालात, पोलर अलाइनमेंट पुन्हा करतो, काही होत नाही. तुम्ही ते केलंतही, नीट केलंत. पण काळं रान ओलं असलं की माउंट, वजनं आणि दुर्बीण मिळून तीस किलोच्या वरचा भार पेलत नाही. एक पाय नुसता एक मिलिमीटर खचला तरी माउंटचा अक्ष पाचेक आर्कमिनिट (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कलतो, आणि पाय एकदा खचून थांबत नाही. गाइडिंग रात्रभर त्याच्या मागं धावत राहतं. सकाळी तिपाई काढताना एका पायाची खळी बोटभर खोल होती, आपण दोघांनीही पाहिली.

याचसाठी मी सिमेंटचे ओटे बांधलेत. ध्रुव आपल्याकडे जेमतेम १९ अंशांवर, बऱ्याचदा धुरकटात असतो, म्हणून प्रत्येक ओट्यावर उत्तरेची रेघसुद्धा कोरलीय. हे सगळं कर्ज काढून केलंय सर. अमावास्येच्या आसपासच्या रात्री तेवढा आमचा धंदा, त्यातही पावसाळ्याचे महिने रिकामे जातात. तुमचा एक स्टार पाहून पुढच्या अमावास्येचं एक बुकिंग रद्द झालं.

झोपण्याचं म्हणाल तर बारा वाजता चहा घेऊन मीच तुमच्यापाशी आलो होतो. एकनंतर आडवा झालो, ते ओट्यांपासून हाकेच्या अंतरावर. एक हाक मारली असती तर उठून आलो असतो.

टॉर्चची तक्रार रास्त आहे. ओट्यांच्या मध्ये काहीतरी आडोसा करायचं मनात आहे, लाल दिव्याचंही सगळ्यांना सांगत जाऊ. भाडं परत करता येणार नाही, पण पुन्हा आलात तर ओट्याचे पैसे घेणार नाही.

एक विनंती. त्या रात्रीची गाइड लॉग फाइल तुमच्या लॅपटॉपवर असेलच. दहाच्या आधी, ओट्यावर असताना, आर.एम.एस., म्हणजे गाइडिंगची सरासरी चूक, एक आर्कसेकंदाच्या (आर्कमिनिटाच्या साठाव्या भागाच्या) आत होता, तो आकडा तुम्हीच मला दाखवला होता. फाइल उघडून दहाच्या आधीचा आणि नंतरचा भाग पाहा, आणि पटलं तर रिव्ह्यूतलं "माउंट खराब" एवढं तरी बदला.